जिमची फी खरी किती पडते? बहारीनमधल्या आपल्या ज्येष्ठांसाठी थोडा हिशोब



गल्फमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना एक खोड असते. कुठलीही किंमत कानावर पडली की मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार सुरू होतो. बहारीनचा एक दिनार म्हणजे दोनशेच्या वर रुपये. सून म्हणते, "आई, तुम्ही जिम लावा," आणि फीचा आकडा सांगते, की ठरलेलं उत्तर तयार असतं: "एवढ्यात ठाण्याला महिन्याचा किराणा भरतो. चालायचंच आहे तर बाहेर चालेन की."

हे उत्तर अगदीच खोटं नाही. पण गुणाकार फक्त फीचा होतो. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर त्या ऑपरेशनचा, नंतर घरी ठेवाव्या लागणाऱ्या बाईचा, मुलाच्या बुडालेल्या रजांचा गुणाकार आधी कोणी करून ठेवत नाही. मी सगळं आयुष्य नर्सिंगमध्ये काढलं, आता मुलाकडे बहारीनला असते. शनिवारी शब्बाथ उतरला की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतो, आणि हल्ली त्यात हा प्रश्न फार असतो: फी भरू की नको? फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

हो किंवा नाही म्हणायच्या आधी मी उलटा प्रश्न विचारते. जिममधून तुम्हाला नक्की काय विकत घ्यायचं आहे? नुसतं चालणं विकत घ्यायचं असेल तर पैसे घालवू नका. नोव्हेंबर ते मार्च बहारीनची हवा अशी असते की मुंबईकराने हेवा करावा. अरादच्या खाडीकाठचा पदपथ आहे, मनामात अंदालुस गार्डन आहे. तेही नको असेल तर बाब अल बहरैनमधून आत शिरून सूकच्या गल्ल्या फिरा. आपलं जुनं सिनेगॉगही त्याच भागात आहे. चांगले दोन-तीन हजार पावलं होतात, आणि भाजीही आणून होते.

जिममध्ये मात्र अशा काही गोष्टी मिळतात ज्या पदपथावर मिळत नाहीत. उन्हाळ्यातली गार हवा, थोडं थोडं वाढवत नेता येणारं वजन, आणि आपलं कुठे चुकतंय ते सांगणारं माणूस. पैसे या गोष्टींचे मोजायचे.

आधी वजनाचं सांगते, कारण आपल्या बायकांचा सगळ्यात जास्त विरोध त्यालाच असतो. "मला काय या वयात पैलवान व्हायचंय?" असं हसून उडवून लावतात. पण वजन उचलणं आपल्या घराण्यांना नवीन आहे का? कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत. घाण्याचं काम, बैल हाकणं, पेंड उचलणं, तेलाच्या भांड्यांची ने-आण, ही पुरुषांची कामं. बायका पहाटे जात्यावर दळायच्या, उखळात कांडायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या आणि दिवसभरात पन्नास वेळा तरी जमिनीवर बसून उठायच्या. त्यांना कोणी व्यायाम सांगितला नव्हता. आता जातं नाही, उखळ नाही, लिफ्ट आहे, मिक्सर आहे, आणि कमोडच्या बाजूला धरायला दांडा लावून घेतलेला आहे. अंगाचं काम गेलं, पण अंगाची गरज गेली नाही.

स्नायूंचं गणित असं आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. काटा तोच राहतो, माणूस मात्र खुर्चीतून उठताना हातावर जोर द्यायला लागतो. लोक म्हणतात, वय झालं. वय झालं हे खरं, पण त्यातला बराचसा भाग न वापरल्याचा असतो, आणि तेवढा परत मिळवता येतो.

हे मी हवेत बोलत नाही. १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा पण फार गाजलेला अभ्यास आला. तो झाला बॉस्टनच्या हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटर फॉर एज्ड या संस्थेत, म्हणजे नावावरूनच कळेल, आपल्याच लोकांनी वृद्धांसाठी उभारलेल्या ठिकाणी. दहा म्हातारी माणसं, सरासरी वय नव्वद. त्यांच्याकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, आणि तोही नावापुरता नाही, चांगला जड. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. टाचेला अंगठा लावत एका रेषेत चालण्याचा वेग ४८ टक्क्यांनी सुधारला. त्याच संस्थेत नंतर शंभर जणांवर मोठा अभ्यास झाला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि निकाल त्याच दिशेचा निघाला. नव्वदीत हे होतं, तर सत्तरीत "आता काय उपयोग" म्हणायला जागा उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन दिलं त्यात पासष्टीपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. तेवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच कागदावर पुढे लिहिलं आहे की आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व ताकदीचा व्यायाम करावा. हे पुढचं मात्र कोणी वाचत नाही. डॉक्टर घाईत "वॉक करा" म्हणतात, आणि आपण वॉक करतो. वॉक चांगलाच. हृदयाला चांगला, साखरेला चांगला, झोपेला चांगला. पण सपाट रस्त्यावर सावकाश चालून मांडीचा स्नायू फारसा वाढत नाही.

(आपल्या रामबाम यांचीही आठवण होते. ते इजिप्तमध्ये वैद्यकी करत, आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथात, हिल्खोथ देओथमध्ये, त्यांनी व्यायामाला आणि मोजक्या जेवणाला जागा दिली. आठशे वर्षांपूर्वी. पुढच्या वेळी कोणी म्हणालं की व्यायाम हे नवीन फॅड आहे, तर त्यांना हे सांगा.)

आता तुम्हाला जिमची गरज आहे का, ते घरीच बघता येतं. हात नसलेली, सरळ पाठीची खुर्ची घ्या, बसायची उंची साधारण १७ इंच. ती भिंतीला टेकवा, म्हणजे मागे सरकणार नाही. खुर्चीच्या मध्यावर बसा, पाय जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर उलटसुलट करून खांद्यांना लावा. कोणीतरी मोबाइलवर ३० सेकंद लावू दे. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, आणि किती वेळा उभे राहिलात ते मोजायचं. हाताचा आधार घ्यावा लागला तर मोजणी शून्य. शेजारी माणूस उभं असल्याशिवाय हे करू नका, आणि छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर अजिबात नको.

६५ ते ६९ वयात बाईचे ११ पेक्षा कमी आणि पुरुषाचे १२ पेक्षा कमी आले तर ते सरासरीखाली धरतात. ७० ते ७४ मध्ये बाईला १०, पुरुषाला १२. ७५ ते ७९ मध्ये बाईला १०, पुरुषाला ११. ८० ते ८४ मध्ये बाईला ९, पुरुषाला १०. अमेरिकेत पडण्याचा धोका ओळखण्यासाठी ही चाचणी सर्रास वापरतात. माझ्या घरी मी सगळ्यांची घेतली आहे. जे जोरात "मला काही नको" म्हणत होते त्यांचेच आकडे कमी आले.

माझं मत असं: आकडा या हद्दीच्या बराच वर असेल तर जिम ही तुमची हौस आहे. परवडत असेल तर करा, नाही तर घरच्या घरी टिकवा. हातांशिवाय एकदाही उठता येत नसेल, किंवा गेल्या वर्षात दोनदा पडला असाल, तर जिम नको, आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. तिथे खर्च करा. आणि हद्दीच्या जरा खाली किंवा अगदी काठावर असाल, तर जिमचे पैसे सगळ्यात जास्त वसूल होणारी माणसं तुम्हीच.

काठावर असणं म्हणजे काय, ते वॉर्डात काम केलेल्यांना कळतं. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात जातो, असं अनेक देशांच्या नोंदी सांगतात. राहिलेल्यांपैकी कितीतरी जण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. हाड सांधतं हो. पण पलंगावर काढलेल्या आठवड्यांत जे थोडेफार स्नायू होते तेही जातात, आणि माणूस परत पडेन या भीतीने चालतच नाही. परदेशात मुलाच्या फ्लॅटमध्ये, जिथे दिवसभर घरात कोणी नाही, तिथे हे दुखणं फार जड जातं.

आता गार हवेकडे येते. बहारीनमध्ये जुलै-ऑगस्टला पारा चाळिशीला जातो, आणि बेट असल्यामुळे दमटपणा इतका की चष्मा बाहेर पडल्या पडल्या धुरकट होतो. इथे २००७ पासून भर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करवून घ्यायला कायद्याने बंदी आहे. आधी ती जुलै-ऑगस्टपुरती होती, २०२५ पासून १५ जून ते १५ सप्टेंबर अशी वाढवली. तरण्याताठ्या कामगारांसाठी जे सरकारला धोक्याचं वाटतं ते आपल्यासाठी किती असेल? आणि संध्याकाळी सातला ऊन नसतं पण वाफ असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हाताऱ्या शरीराला तहानही उशिरा लागते. त्यात ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी कमी. अशा हवेत पदपथावर चक्कर येऊन पडलेला माणूस व्यायामानेच पडला, असं म्हणायची वेळ येते.

म्हणून मे ते ऑक्टोबर चालणं घराबाहेर नको, पण छपराखाली हवं. त्यासाठीही जिमच लागते असं नाही. सिटी सेंटर किंवा सीफ मॉलमध्ये सकाळी गर्दी नसताना चक्कर मारा. फुकट, थंड आणि सपाट. एक सूचना: पाकीट घरी ठेवा. मॉलमधला वॉक जिमपेक्षा महाग पडलेली उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत.

आता पैशांचा हिशोब. इथे मी आकडे सोपे, धरून चालल्यासारखे घेते. तुमच्या जिमचे खरे आकडे त्यांच्या जागी घाला. समजा महिन्याची फी २० दिनार आहे आणि वर्षाची १५०. काउंटरवरची मुलगी सांगेल, "आंटी, वर्षाचं घेतलं तर ९० दिनार वाचतात." आधी विचारा, व्हॅट धरून का? बहारीनमध्ये २०१९ च्या जानेवारीपासून ५ टक्के व्हॅट आला आणि २०२२ च्या जानेवारीपासून तो १० टक्के झाला. व्हॅट वेगळा असेल तर १५० चे १६५ होतात, आणि २० चे २२.

आता वर्षात ५२ आठवडे, हे कॅलेंडरचं. आपलं कॅलेंडर वेगळं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच-सहा आठवडे मुंबई नाही तर इस्रायल. रोश हशाना ते सिम्हाथ तोरा या तीन आठवड्यांत घरात पाहुणे, उपास, सुक्का. रमझानमध्ये इथल्या जिमच्या वेळा बदलतात, रात्री उशिरापर्यंत चालतात, दिवसा चारचौघांत पाणीही पीत नाहीत. त्या महिन्यात आपल्या वयाच्या माणसाचं जाणं कमीच होतं. मग एखादा ताप, एखादं दातांचं दुखणं, नातवाची परीक्षा. खरे हातात राहतात ३७-३८ आठवडे. आठवड्याला दोनदा गेलात तर ७५ फेऱ्या. १६५ भागिले ७५, म्हणजे एका फेरीला २ दिनार २०० फिल्स. वाईट नाही.

पण हे, जाल तर. पहिल्या तीन महिन्यांनंतर पाय निघाला नाही तर फेऱ्या होतात २४, आणि एक फेरी पडते ६ दिनार ८७५ फिल्सला. आणि पाय निघत नाही, हा नियम आहे, अपवाद नाही. स्तेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली तो निबंध प्रसिद्ध केला. ७० डॉलरच्या वर महिन्याची फी भरणारी माणसं महिन्याला सरासरी ४.३ वेळाच गेली होती. म्हणजे एका वेळेला १७ डॉलरहून जास्त. त्याच क्लबात दहा फेऱ्यांचा पास १०० डॉलरला मिळत होता, म्हणजे फेरीला १०. शिकलीसवरलेली, कमावती माणसं ती. फी भरताना माणूस आपण जसे व्हावं असं वाटतं त्या माणसाच्या नावाने भरतो, आणि जायची वेळ येते तेव्हा जो आहे तोच जातो. आणखी गंमत म्हणजे शेवटचं पाऊल टाकल्यावर सभासदत्व रद्द करायलाही सरासरी दोन महिन्यांवर वेळ गेला. ते पैसे तर निव्वळ पाण्यात.

तेव्हा मी ज्येष्ठांना सांगते ती वाट अशी. हिवाळ्यात बाहेर चाला. जिम घ्या मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या चार महिन्यांची, महिन्या-महिन्याच्या फीवर. जुलै-ऑगस्टमध्ये गावाला जात नसाल तर तेही धरा. चार महिन्यांचे ८८ दिनार, सतरा आठवडे, ३४ फेऱ्या, एक फेरी अडीच दिनारच्या थोडी वर. सणांचा आठवडा-दोन आठवडे बुडाले तर पावणेतीन-तीन. फेरीमागे वर्षाच्या पासपेक्षा जरा महाग दिसतं. पण ७७ दिनार तुमच्या खिशातच राहतात, आणि जमलं नाही तर नुकसान एका महिन्याचं, वर्षाचं नाही. वर्षाची फी महिन्याच्या साडेसात पट आहे, म्हणजे आठवा महिना भरलात की वर्षाचा पास स्वस्त. आधी दोन वर्षं चार-चार महिने नेमाने जाऊन दाखवा, मग वर्षाचा घ्या. याला कोणी कंजूषपणा म्हटलं तर म्हणू दे.

फीशिवायचे खर्चही मांडायचे. टॅक्सीने जाणार असाल तर जाण्या-येण्याचं भाडं फीच्या वर जाऊ शकतं. मुलगा सोडणार असेल तर त्याचा वेळ. म्हणून घरापासून दहा मिनिटांत असलेली साधी जिम, लांबच्या चकचकीत जिमपेक्षा बरी. आधी स्वतःच्या इमारतीत बघा. जुफैर, सीफ, अमवाज या भागांतल्या बऱ्याच इमारतींत छोटी जिम आणि पोहण्याचा तलाव असतो, त्याचे पैसे भाड्यातून तुम्ही आधीच देत असता, आणि वर्ष-वर्ष तिथलं दार कोणी उघडून बघत नाही. गुदैबिया-हूराच्या जुन्या इमारतींत ही सोय नसते, तिथल्यांनी इंडियन क्लबसारख्या ठिकाणी विचारावं. हा क्लब १९१५ पासूनचा आहे. तिथे निदान बोलायला आपली माणसं भेटतात, आणि आपल्या वयात व्यायामाला ओढून नेणारी गोष्ट बहुतेक वेळा दुसरं माणूसच असते.

बायकांसाठी वेगळी वेळ किंवा वेगळा विभाग बहारीनच्या बऱ्याच जिममध्ये मिळतो. साडी-पंजाबी ड्रेसवाल्यांना त्याने फार सोपं होतं. लाजेपोटी कोपऱ्यातल्या सायकलवर पाय हलवत बसण्यात अर्थ नाही. सुट्टी शुक्रवार-शनिवार असल्यामुळे आपलं गणित तसं बरं जमतं: शुक्रवारी संध्याकाळपासून शब्बाथ, मग रविवार आणि बुधवार असे दोन दिवस जिमला बांधून टाका. मध्ये दोन-तीन दिवसांची विश्रांती स्नायूंना लागतेच.

सही करण्याआधी कागद वाचा. अरबी आणि इंग्रजी दोन्हीत असतो, बारीक अक्षरात असतो, आणि सीपीआर नंबर टाकून बेनिफिट पेने पैसे गेले की मग वाचून उपयोग नसतो. गावाला गेल्यावर किती दिवस सभासदत्व थांबवता येतं, म्हणजे ते ज्याला फ्रीज म्हणतात, आणि त्याला पैसे लागतात का? डॉक्टरने बंद करायला सांगितलं तर उरलेले परत मिळतात का? सुनेच्या नावावर फिरवता येतं का? जिमच बंद पडली तर काय? २०२० साली करोनात इथल्या जिम काही महिने बंद होत्या, तेव्हा हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता. आणि पैसे भरायच्या आधी एक दिवस फुकट जाऊन बघायला मागा. नाही म्हणाले तर दुसरी जिम बघा. त्या दिवशी मशिनं किती आहेत ते मोजू नका. ट्रेनर पांढऱ्या केसांच्या माणसाजवळ थांबतो की नाही, तेवढं बघा.

ट्रेनरचे वेगळे पैसे असतात आणि ते बरेच असतात. वर्षभर ट्रेनर लावायची काही गरज नाही. पाच-सहा वेळांपुरता लावा, आणि त्याला स्पष्ट सांगा की मला खुर्चीतून उठण्याची, जिना चढण्याची आणि तोल सांभाळण्याची ताकद हवी आहे, वजन कमी करायला मी आलेली नाही. शिकून झालं की तेच घरी. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, तांदळाची पिशवी पाच किलो, ओट्याला धरून टाचांवर उठणं, खुर्चीतून दहा उठबशा, दिवसातून दोनदा. घरी एवढं नेमाने करणारा माणूस जिमला गेला नाही तरी त्याचं फार बिघडत नाही. पण घरी वजन वाढवत न्यायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. तीच बाटली वर्षभर उचलली तर ताकद त्या बाटलीपुरतीच राहते.

आता नर्सच्या नात्याने थोडं. सुरुवात करण्याआधी ब्लडप्रेशर मोजून घ्या. ते हाताबाहेर असेल, छातीत दाटत असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यातून रक्त येत असेल, तर आधी डॉक्टरची परवानगी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किंवा ज्या गोळ्यांनी साखर एकदम उतरते त्या घेणाऱ्यांनी, जायच्या आधी बोटातून साखर बघावी. इथले रिपोर्ट मिलिमोलमध्ये असतात, त्यामुळे आपला १०० म्हणजे इथला ५.६. त्याच्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन जा, आणि खिशात दोन-चार खजूर ठेवा. बहारीनमध्ये खजूर मिळत नाही अशी सबब चालणार नाही. पायांना मुंग्या येत असतील तर बंद बूट घाला आणि घरी आल्यावर मोजे काढून तळवे बघा, फोड आला असेल तर जिम बंद. वजन उचलताना श्वास कोंडून धरू नका, प्रेशर चढतं. उचलताना तोंडाने सोडा. व्यायाम करताना चार शब्द बोलता आले पाहिजेत. गाणं म्हणता येत असेल तर फार हलकं चाललंय, बोलताच येत नसेल तर फार जास्त.

पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतात. दोन-तीन दिवस राहणारी, दाबल्यावर जाणवणारी दुखणी साधी असतात. सांध्यात एका जागी टोचणारं, रात्री झोपमोड करणारं दुखणं साधं नसतं, ते ट्रेनरला नाही, डॉक्टरला दाखवायचं.

ज्या दिवशी फी भराल त्याच दिवशी खुर्चीची ती चाचणी करून आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा. आठ आठवड्यांनी, त्याच खुर्चीवर, पुन्हा मोजा. आठ म्हणून सांगते, कारण बॉस्टनच्या त्या नव्वदीतल्या मंडळींनाही तेवढेच आठवडे दिले होते. नियमाने जाऊनही आकडा हलला नसेल तर वजन फार हलकं आहे, ट्रेनरला वाढवायला सांगा. आणि आकडा न हलण्याचं कारण जाणंच झालं नाही हे असेल, तर पुढच्या महिन्याची फी भरू नका, दोन खुर्च्या ओट्याजवळ आणा आणि नवऱ्यालाही शेजारी बसवा.